कारखान्याआधी कारागीर

दरवर्षी १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, कृष्णराजसागर धरणाची छायाचित्रे झळकतात आणि सरकारी व खासगी मेणबत्तीची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली जाते. अशा गोष्टींना पुरावा फारसा नसतो. पण त्यांनी कोणाचे नुकसानही होत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या उत्सवात धरण उरते आणि त्या माणसाला आयुष्यभर छळणारा प्रश्न मात्र गळून पडतो. यंत्रे विकत आणता येतात, भांडवल कर्जाने उभारता येते. पण ती यंत्रे चालवणारे, दुरुस्त करणारे आणि मालाची प्रत राखणारे हात कोठून आणायचे, हा तो प्रश्न. म्हैसूरच्या औद्योगिक वसाहतींत आज हिंडणाऱ्या कोणालाही तो शंभर वर्षांपूर्वीइतकाच ताजा वाटेल.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ मध्ये चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. ते लवकर गेले. बंगळूरमध्ये मामांच्या आधाराने आणि कोडगूच्या एका कुटुंबातील मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी १८८१ मध्ये बी. ए.ची पदवी मिळवली. पुढचे शिक्षण मात्र म्हैसूर संस्थानात उपलब्ध नव्हते. संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले आणि १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले.

पुण्याची ही संस्था कशी उभी राहिली, हे पाहण्याजोगे आहे. तिची सुरुवात १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी हवे होते म्हणून झाली. म्हणजे आधी मोठा मालक होता, त्याची गरज होती आणि त्या गरजेपोटी शाळा निघाली. हिंदुस्थानातल्या तांत्रिक शिक्षणाचा हा पहिला नियम म्हणावा लागेल. रेल्वेने आपल्या कार्यशाळांत कामगार घडवले, गिरण्यांनी आपले जॉबर घडवले. ज्याच्यामागे असा मोठा मालक नव्हता त्या धंद्याला, म्हणजे लोहाराच्या भात्याला, विणकराच्या मागाला, गावातल्या तेलघाण्याला, शाळा कोणी काढली नाही. विश्वेश्वरय्या स्वतः त्या पहिल्या वाटेने वर आले होते. दुसऱ्या वाटेवर काहीच नाही, हे त्यांना पुढे उमगले.

१८८४ ते १९०८ हा त्यांचा काळ मुंबई इलाख्याचा. नाशिक, धुळे, सुरत, सक्कर आणि बराचसा पुण्यात. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आणि कालव्यांवरची ब्लॉक पद्धत महाराष्ट्रातील वाचकांना परिचित आहे, म्हणून तिथे थांबत नाही. पुण्यात त्यांना न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांचा सहवास लाभला, ही गोष्ट मला धरणाच्या दरवाजांपेक्षा महत्त्वाची वाटते. देशाचे दारिद्र्य उद्योगाच्या अभावातून येते हा रानड्यांचा विचार या तरुण अभियंत्याने आकड्यांच्या भाषेत उचलला. १८९८ मध्ये ते स्वखर्चाने जपानला गेले. तिथे त्यांनी पाहिले ते सक्तीचे प्राथमिक शिक्षण, त्याला जोडून असलेल्या धंदेशिक्षणाच्या शाळा आणि लहान कारखान्यांतून काम करणारे लिहिते-वाचते कामगार. पुढच्या साठ वर्षांत त्यांनी जे जे लिहिले त्यात जपान सतत डोकावत राहतो.

मुंबई सरकारच्या सेवेत सर्वोच्च पद हिंदी माणसाला मिळणे तेव्हा अशक्यप्राय होते. त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मुसा नदीच्या महापुरानंतर निजामाच्या बोलावण्यावरून हैदराबादचे काम केले आणि १९०९ च्या अखेरीस म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. तीन वर्षांनी, १९१२ मध्ये, चौथे कृष्णराज वोडेयार यांनी त्यांना दिवाणपद दिले.

या सहा वर्षांची जंत्री सर्वत्र सापडते. १९१३ ची म्हैसूर बँक, १९१६ चे विद्यापीठ, चेंबर ऑफ कॉमर्स, बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय. मला त्या जंत्रीतल्या क्रमाकडे लक्ष वेधायचे आहे. १९११ मध्ये, विश्वेश्वरय्या मुख्य अभियंता असतानाच, त्यांच्या आग्रहाने म्हैसूर आर्थिक परिषद स्थापन झाली. तिच्या तीन समित्या होत्या: शेती, उद्योग-व्यापार आणि शिक्षण. शिक्षण हा अर्थव्यवस्थेचा विषय मानून शेती आणि व्यापाराच्या पंक्तीला बसवणे त्या काळात नवीन होते. आजही आपल्या मंत्रालयांत ते फारसे घडत नाही. परिषदेच्या शाखा जिल्ह्यांत आणि तालुक्यांत पोचवण्यात आल्या. कोणत्या तालुक्यात कोणते धंदे आहेत, काय बुडत आहे, काय वाढू शकेल, याची माहिती गोळा करणे हे त्यांचे पहिले काम. १९१३ मध्ये उद्योग व वाणिज्य खाते निघाले आणि मद्रास इलाख्यात लहान उद्योगांचे प्रयोग केलेले आल्फ्रेड चॅटर्टन त्याचे संचालक झाले. त्याच वर्षी निवडक भागांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा कायदा झाला. आधी पाहणी, मग खाते, मग शाळा, असा तो क्रम होता.

म्हैसूर शहरात चामराजेंद्र तंत्रसंस्था त्याआधीच आकार घेत होती. तिच्या इमारतीची कोनशिला १९०६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसली होती. शिसवी लाकडावरचे जडावकाम, चंदनावरचे कोरीवकाम, सुतारकाम, चित्रकला असे विषय तिथे होते. १९१२ मध्ये शहरात रेशीम विणण्याचा कारखाना सुरू झाला आणि त्यासाठी स्वित्झर्लंडहून ३२ यंत्रमाग आले. म्हैसूर सिल्कची साडी आज भौगोलिक मानांकनाने मिरवते. त्या मागांवर बसणाऱ्याला मात्र हातमागाचा पिढीजात अनुभव पुरेसा नव्हता. यंत्राची गती, ताण आणि बिघाड ओळखण्याची नवी विद्या त्याला शिकावी लागली.

या साऱ्यात सर्वांत बोलके उदाहरण चंदनाचे. म्हैसूरच्या जंगलातील चंदन हे राज्याच्या मालकीचे. पहिल्या महायुद्धापूर्वी ते लिलावात विकले जाई, मोठ्या प्रमाणावर जर्मनीला जाई आणि तिथे त्याचे तेल निघे. १९१४ मध्ये युद्ध भडकले आणि गिऱ्हाईक नाहीसे झाले. लाकूड पडून राहिले. ते राज्यात मुबलक होते, जगात तेलाला मागणी होती, भांडवल उभे करता येत होते. फक्त तेल गाळण्याची विद्या राज्यात कोणाकडे नव्हती. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील रसायनशास्त्रज्ञांना प्रयोग करायला सांगण्यात आले आणि १९१६ मध्ये बंगळूरला, १९१७ मध्ये म्हैसूरला तेलाचे कारखाने सुरू झाले. पाठोपाठ साबणाचा विचार आला. सोसले गरळपुरी शास्त्री या तरुण रसायनशास्त्रज्ञाला साबण आणि सुगंधद्रव्ये शिकण्यासाठी इंग्लंडला पाठवले गेले. तो परतला आणि मैसूर सँडल साबण जन्माला आला. विश्वेश्वरय्यांचे दिवाणपद संपले तरी त्या वडीचा सुगंध घरोघरी राहिला.

ही कथा मी अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी तिच्यातल्या एका मर्यादेपाशी अडखळलो आहे. एक कारखाना, एक मालक, एक परदेशी पाठवलेला तज्ज्ञ ही व्यवस्था सरकारला परवडते. चंदनाच्या तेलाला ती पुरली. भद्रावतीच्या लोखंड कारखान्यालाही अखेरीस पुरली. १९२३ मध्ये उत्पादन सुरू झाल्यावर तो तोट्यात रुतला, तेव्हा विश्वेश्वरय्यांना पुन्हा बोलावण्यात आले. त्यांनी महागडे परदेशी तज्ज्ञ कमी करून म्हैसूरच्याच तरुणांना त्या जागांसाठी तयार केले. पण राज्यात उद्योग म्हणजे फक्त हे चार-दोन कारखाने नव्हेत. बारा-पंधरा माणसांचे जे शेकडो छोटे धंदे होते, त्यांच्या मालकाने कोणाला लंडनला पाठवायचे?

या ठिकाणी वर्तमानात डोकावणे भाग आहे. म्हैसूरच्या हेब्बाळ आणि मेटगळ्ळी भागांतल्या लहान कार्यशाळांत मी अलीकडच्या वर्षांत बऱ्याच वेळा गेलो आहे. मालकांचे म्हणणे सगळीकडे जवळपास एकच. नवा मुलगा आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन येतो, पण ड्रॉइंग वाचता येत नाही, मायक्रोमीटर हाती धरण्याचा सराव नाही, संगणकचलित यंत्र त्याने क्वचितच चालवलेले असते. त्याला तयार करायला दीड-दोन वर्षे लागतात. या काळात तो माल वाया घालवतो, मिस्त्रीचा वेळ खातो. आणि हात बसला की थोड्या जास्त पगारावर मोठ्या कारखान्यात किंवा बंगळूरला निघून जातो. मुलाचे काही चुकत नाही. मालकाचेही काही चुकत नाही, जेव्हा दोन-तीनदा हात पोळल्यावर तो शिकवणेच बंद करतो. शिकवण्याचा खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा, असे गणित असेल तर प्रत्येक जण शेजाऱ्याने शिकवलेला माणूस शोधत बसणार. सर्वांनी तेच केले की शिकवलेला माणूसच उरत नाही. त्याच शहरात इन्फोसिसचे अवाढव्य प्रशिक्षण संकुल आहे, जिथे हजारो पदवीधरांना कंपनी स्वतःच्या खर्चाने तयार करते. मोठ्या मालकाची शाळा आणि लहान मालकाचे रिकामे हात, हे १८५४ चे चित्र म्हैसूरला आजही एका दृष्टिक्षेपात दिसते.

याला उतारा नाही असे नाही. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी एक करून दाखवला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवलेला हा माणूस १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर गेला आणि नांगराचा कारखाना उभारताना आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुलांनाच ओतकाम आणि फिटरकाम शिकवू लागला. तिथे मालकच गुरुजी होता आणि वसाहत एवढी एकसंध की शिकलेला माणूस पळून जाण्याचा प्रश्न फारसा नव्हता. पण ही व्यक्तीच्या कुवतीवर उभी राहिलेली व्यवस्था. तिचा कायदा करता येत नाही. जर्मनीने वेगळा मार्ग धरला. तिथे प्रत्येक धंद्याला चेंबरचे सभासदत्व सक्तीचे, उमेदवाराची परीक्षा चेंबर घेते आणि शिकवण्याचा बोजा सगळ्यांत वाटला जातो. विश्वेश्वरय्यांनी म्हैसूरला चेंबर दिले, जिल्हा समित्या दिल्या. पण ही दोन टोके जोडून उमेदवारीची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्याचे काम राहून गेले. सहा वर्षांत ते व्हायला हवे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही ते झाले नाही, हे खरे.

आणि आता त्यांच्या चरित्रातले सर्वांत अवघड पान. कृष्णराज वोडेयार यांनी १९१८ मध्ये न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ब्राह्मणेतर समाजांना राज्याच्या नोकऱ्यांत पुरेसे स्थान कसे मिळेल, हा तिचा विषय. विश्वेश्वरय्यांचा याला विरोध होता. गुणवत्तेशी तडजोड झाली तर प्रशासनाची कार्यक्षमता ढासळेल, ही त्यांची धारणा होती. त्या वर्षाच्या अखेरीस ते दिवाणपदावरून दूर झाले. त्यांचे चाहते या प्रसंगाला तत्त्वनिष्ठेचा नमुना मानतात. मला ते पटत नाही. ज्या माणसाने कौशल्य जन्मजात नसते, ते शिकवून येते, हे आयुष्यभर सांगितले, त्याने नोकरीच्या दाराशी मात्र तयार कौशल्यच मागितले. आदल्या अनेक पिढ्यांना शाळा कोणी नाकारली, हा प्रश्न त्यांच्या आकडेवारीत बसला नाही. वास्तविक त्यांच्याच कारकिर्दीत अस्पृश्य मानलेल्या मुलांना सरकारी शाळा खुल्या करण्याचा हुकूम निघाला होता. म्हणजे शिक्षणाची दारे उघडायला ते राजी होते. त्या शिक्षणाचे फळ मिळण्यात किती पिढ्या जातील याची चिंता त्यांना नव्हती. महाराजांना ती होती. या वादात राजा दिवाणापेक्षा दूरचे पाहत होता, असे माझे मत आहे.

लहान उद्योगांच्या संदर्भात तर हा मुद्दा अधिकच बोचरा होतो. आपल्याकडे हातातले कसब बहुतांशी खालच्या मानलेल्या जातींकडे होते आणि पुस्तकी विद्या वरच्यांकडे. तंत्रशाळा निघाली की तिथल्या बाकावर बसायला बरेचदा ज्यांनी हातोडा कधी धरला नाही अशी मुले येत, आणि हातोडा धरणाऱ्यांची मुले बापाच्या दुकानातच राहत. शिकलेला मुलगा यंत्राजवळ उभा राहण्यापेक्षा कचेरीतले टेबल पसंत करी. आयटीआयकडे आजही दुय्यम मुलांची जागा म्हणून पाहिले जाते, त्याची मुळे इथे आहेत. केवळ अभ्यासक्रम बदलून ती उपटता येणार नाहीत.

दिवाणपदानंतरचे विश्वेश्वरय्या मला अधिक जवळचे वाटतात. सत्ता गेली होती आणि विचार करायला वेळ होता. १९२० मध्ये भारताच्या पुनर्रचनेवरचे त्यांचे पुस्तक आले. १९२१ मध्ये मुंबई सरकारने तांत्रिक व औद्योगिक शिक्षणाविषयी समिती नेमली आणि अध्यक्षपद त्यांना दिले. समितीत एकमत झाले नाही; हिंदी सदस्य आणि अध्यक्ष एकीकडे, युरोपीय सदस्य दुसरीकडे, आणि दोन अहवाल निघाले. एका बाजूला झपाट्याने मोठा विस्तार हवा होता, दुसरीला आहे त्याच्या मानाने सावकाश पावले. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे माटुंग्याची आजची संस्था, १९३३ मध्ये सुरू झाला, त्यामागच्या दीर्घ चर्चेत या समितीचाही वाटा होता. त्यानंतर १९३४ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक, वालचंद हिराचंदांबरोबर मोटार कारखान्याची खटपट, १९४१ मध्ये उत्पादकांची अखिल भारतीय संघटना. वयाची ऐंशी ओलांडल्यावर आणि देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी खेड्यांच्या औद्योगिकीकरणाची योजना मांडली. काही गावांचा एक गट करावा, त्या गटाने आपली समिती निवडावी, आपल्याकडे काय पिकते आणि काय बनते याचा हिशेब करावा आणि त्यानुसार लहान धंदे व प्रशिक्षण सुरू करावे. १९११ च्या आर्थिक परिषदेची ही खाली गावापर्यंत उतरलेली आवृत्तीच होती. मोठ्या कारखान्यांचा आणि महाधरणांचा पुरस्कर्ता म्हणून ज्यांना गांधीवाद्यांच्या विरोधी गोटात बसवले जाते ते हेच गृहस्थ, हे वाचून अनेकांना नवल वाटेल.

याच काळातला एक निर्णय मला त्यांच्या सर्व पुस्तकांपेक्षा मोलाचा वाटतो. भद्रावतीच्या कामाचा मोबदला त्यांनी वर्षानुवर्षे घेतला नव्हता. सरकारने ती थकलेली रक्कम देऊ केली तेव्हा ती स्वतःसाठी न घेता तिच्यातून मुलांना धंदे शिकवणारी संस्था काढावी, असे त्यांनी सुचवले. संस्थेला आपले नाव देऊ नये, असेही सांगितले. १९४३ मध्ये बंगळूरला ती जयचामराजेंद्र यांच्या नावाने सुरू झाली. पदव्या देणारे विद्यापीठ त्यांनी आधीच काढले होते. म्हातारपणी हाती आलेले पैसे मात्र त्यांनी अशा मुलांसाठी ठेवले, ज्यांना पदवी मिळणार नव्हती आणि ज्यांच्या हाताला काम हवे होते. पुढे ती संस्था पॉलिटेक्निक झाली, पदविका देऊ लागली. हा प्रवास आपल्याकडच्या बहुतेक धंदेशिक्षण संस्थांचा आहे: हात शिकवण्यासाठी निघतात आणि कागद देऊ लागतात.

१९५० नंतर केंद्राने कारागीर प्रशिक्षण योजना आणली, आयटीआय वाढले. २०१४ मध्ये कौशल्य विकासाचे स्वतंत्र मंत्रालय झाले, २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या नावाची योजना आली. या योजनांत किती जणांना प्रमाणपत्रे दिली याची मोजदाद पहिल्या दिवसापासून होती. कोणत्या तालुक्यातल्या कोणत्या लहान धंद्याला कोणता माणूस हवा आहे, याची पाहणी मागाहून सुचली. विश्वेश्वरय्यांचा क्रम आपण उलटा केला. १९१३ मध्ये एका संस्थानाला जमलेली तालुकावार नोंद आजच्या साधनांनिशी अवघड नाही. म्हैसूरपुरते बोलायचे तर अगरबत्ती, रेशीम, शिसवी जडावकाम, अन्नप्रक्रिया आणि सुटे भाग करणाऱ्या कार्यशाळा अशी यादी हातात आहे. अन्नप्रक्रियेचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९५० पासून याच शहरात आहे. पन्नास लहान कारखान्यांनी मिळून एक कार्यशाळा-शाळा चालवावी, खर्चाचा काही भाग सरकारने उचलावा आणि शिकलेल्या मुलाला पन्नासांपैकी कोणीही घ्यावे, असे केले तर पळवापळवीची तक्रार बरीचशी निरर्थक ठरेल. कारण मुलगा गेला तरी वर्तुळातच राहील.

त्यासाठी कायदाही थोडा वळवावा लागेल. शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली २०१९ च्या बदलानंतर ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. लहान मालकावर सक्ती न करणे शहाणपणाचेच, पण ऐच्छिक म्हणताना त्याला मदत काय मिळणार, हे त्याच्या भाषेत, त्याच्या दारात कोणी सांगत नाही. पोर्टलवर नोंदणी करण्याएवढी फुरसत असलेला माणूस अशा कार्यशाळेत नसतो.

मूळ कायदा संसदेने डिसेंबर १९६१ मध्ये संमत केला. त्याच्या तीन महिने आधी विश्वेश्वरय्यांची शताब्दी त्यांच्या हयातीत साजरी झाली होती. भारतरत्न त्यांना १९५५ मध्येच मिळाले होते. एप्रिल १९६२ मध्ये ते बंगळूरला वारले आणि मुद्देनहळ्ळीत, जिथे जन्मले तिथेच, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.